परदेशी निघालेल्या माणसाचा विमा

आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटेल की, हे शहरातल्या श्रीमंतांचे प्रकरण आहे. आपल्याला त्याचे काय? आपण शेतीवाडीची, शाळामास्तरकीची माणसे. परदेश कुठे आणि आपण कुठे! पण थोडा विचार करून पाहा. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतून किती मुले शिकून बाहेर पडली! ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाला. नांदेडला विष्णुपुरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून आहे. या मुलांपैकी कोणी पुण्याला गेला, कोणी हैदराबादला, आणि तिथून पुढे कोणी अमेरिकेला, कोणी कॅनडाला, कोणी जर्मनीला. आज अहमदपूर, औसा, मुखेड, कंधार या तालुक्यांत अशी गावे सापडतात की, जिथल्या वाड्यात म्हातारा-म्हातारी दोघेच राहतात आणि लेक समुद्रापलीकडे असतो.

मग एक दिवस त्या लेकाचा फोन येतो. सून बाळंत व्हायची आहे, किंवा नवे घर घेतले आहे, या म्हणतो. पासपोर्ट निघतो, व्हिसा मिळतो, हैदराबादच्या विमानाचे तिकीट येते. घरात लगबग सुरू होते. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, तिखट, सांडगे यांची बांधाबांध होते. लोकरीचे स्वेटर आणले जातात. सोयाबीनची आणि तुरीची व्यवस्था भावकीत कोणाकडे तरी लावून दिली जाते. या सगळ्या धांदलीत एक कागद मात्र शेवटच्या दिवशी आणि न वाचता सही करून घेतला जातो. तो कागद म्हणजे प्रवासातील आरोग्याचा विमा. त्या कागदाविषयी चार गोष्टी मला आज आपल्यापुढे मांडायच्या आहेत.

पहिला प्रश्न असा की, हा विमा हवाच कशाला? पुष्कळांची समजूत असते की, आपल्याकडे आरोग्याचा विमा आहेच. कोणाकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार असतो, कोणाकडे आयुष्मान कार्ड असते, कोणी वर्षाला हप्ता भरून मेडिक्लेम घेतलेला असतो. या योजना चांगल्या आहेत, पण त्यांची हद्द ठरलेली आहे. सरकारी योजनांची रुग्णालये भारतातली आहेत, आणि आपल्याकडचा नेहमीचा मेडिक्लेमही बहुधा भारतातल्या उपचारापुरताच असतो. विमान आकाशात उडाले आणि देशाची सीमा ओलांडली की, हे सगळे कागद पेटीतले कागद होतात.

दुसरी समजूत अशी की, परदेशात सरकार सगळ्यांना औषधपाणी फुकट देते. हेही अर्धवट खरे आहे. इंग्लंडचेच पाहा. तिथे सरकारी आरोग्यसेवा आहे, आणि पाहुण्यालासुद्धा अपघात विभागातले सुरुवातीचे उपचार मोफत मिळतात. पण रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर परदेशी पाहुण्याला ठरलेल्या दराच्या दीडपट आकार द्यावा लागतो. अमेरिकेची गोष्ट आणखी निराळी. तिथे १९८६ सालचा एक कायदा आहे. तातडीचा रुग्ण दाराशी आला, तर तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करणे तातडीची सेवा देणाऱ्या रुग्णालयांना त्या कायद्याने भाग आहे. पैसे आहेत की नाहीत, हे पाहून त्याला हाकलता येत नाही. ऐकायला हे फार बरे वाटते. पण त्या कायद्याने उपचार मिळतात, बिल माफ होत नाही. बिल मागून घरी येतेच.

आणि ते बिल केवढे असते? अमेरिकी सरकारनेच आपल्या नागरिकांना विम्याचे महत्त्व पटवून देताना आकडे सांगितले आहेत. मोडलेला पाय बसवायला साडेसात हजार डॉलरपर्यंत खर्च येऊ शकतो, आणि तीन दिवस रुग्णालयात राहावे लागले तर सरासरी तीस हजार डॉलर. हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर ८५ रुपयांचा धरा. तीन दिवसांचे साडेपंचवीस लाख रुपये झाले. आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याने या आकड्याचे एकरात रूपांतर करून पाहावे, म्हणजे मी काय म्हणतो ते ध्यानात येईल. लेक तिथे नोकरीला असतो खरा. पण त्याचा विमा बहुधा त्याचा, त्याच्या बायकोचा आणि मुलांचा असतो. आईबाप पाहुणे म्हणून गेलेले असतात. त्यात ते बसत नाहीत. मग तो कर्ज काढतो, नाहीतर इकडे जमिनीचा तुकडा विकायची बोलणी सुरू होतात. आयुष्यभर बापाने राखलेली जमीन बापाच्याच आजारात जावी, याहून मोठे दुःख कोणते?

आता विमा म्हणजे काय, हे आपल्याला मुद्दाम शिकवायला नको. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. ‘बीम’ म्हणजे भीती. ज्या गोष्टीची भीती आहे तिची तजवीज, तो विमा. रेल्वे आणि तार येण्याच्या आधीपासून आपले सावकार ‘जोखमी हुंडी’ लिहीत असत. माल मुक्कामाला सुखरूप पोचला तरच त्या हुंडीचे पैसे द्यायचे, असा तो करार. म्हणजे कल्पना आपल्याला परकी नाही. आणि अगदी अलीकडचा दाखला द्यायचा तर पीकविम्याचा देता येईल. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आली. आपल्या राज्यात २०२३ पासून काही हंगाम ती एका रुपयात मिळत होती; ती सवलत २०२५ मध्ये बंद झाली. त्या पीकविम्याने आपल्याला तीन धडे दिले. पेरणीच्या आधी किंवा ठरलेल्या मुदतीत अर्ज भरावा लागतो. पीक बुडाल्यावर विमा निघत नाही. सातबाऱ्यावर जे पीक आहे तेच अर्जात लिहावे लागते. सोयाबीन पेरून कापूस लिहिला तर दावा टिकत नाही. आणि गारपिटीने किंवा पाणी साचून नुकसान झाले, तर ७२ तासांच्या आत कळवा, ही अट आपण कित्येक हंगाम पाळली.

प्रवासातला आरोग्यविमा याच तीन पायांवर उभा आहे. वेळेवर काढा, खरे लिहा, ताबडतोब कळवा. बाकीचे सगळे बारकावे या तिन्हींच्या पोटात येतात.

आधी वेळेचे पाहू. आपल्या कंपन्यांची पॉलिसी भारतातून निघण्यापूर्वी काढायची असते. प्रवासाची तारीख, परतीची तारीख, कोणत्या देशात जाणार, हे सगळे त्यात लिहिलेले असते, आणि हप्ता भरल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. ‘तिकडे गेल्यावर बघू’ असे म्हणून चालत नाही. तिकडे गेल्यावर तिथल्या कंपन्यांचा विमा मिळतो, नाही असे नाही. परंतु मधले जे दिवस रिकामे गेले त्यांचा भार आपल्यावर राहतो. आणि माणसाला दुखणे येते ते बऱ्याचदा याच पहिल्या दिवसांत. वीस-बावीस तासांचा प्रवास, पाय लोंबकळत बसलेले, झोप उडालेली, गोळीची वेळ चुकलेली, हवा बदललेली. किल्लारीच्या परिसराला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. संकट निरोप पाठवून येत नाही, हे लातूरकरांना दुसऱ्या कोणी सांगायला नको.

मुक्काम वाढवायचा झाला तर मुदत संपण्यापूर्वी पॉलिसी वाढवून घ्यावी. संपल्यावर वाढवायला गेलात, तर कंपनी पुन्हा पहिल्यापासून चौकशी करील, नाहीतर नाही म्हणेल. उलट व्हिसा नाकारला गेला आणि जाणेच झाले नाही, तर थोडा खर्च कापून हप्ता परत देण्याची तरतूद बहुतेक पॉलिसींत असते. म्हणून ‘व्हिसा मिळेल न मिळेल, कशाला पैसे अडकवा’ ही सबब फारशी खरी नव्हे.

आता दुसरा पाय, म्हणजे खरे लिहिण्याचा. आजच्या भाषणातला मुख्य मुद्दा हाच आहे.

समजा, एक निवृत्त गुरुजी आहेत. वय ६६. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षे काढली. रक्तदाबाची एक गोळी रोज सकाळी घेतात, साखर थोडी वाढलेली आहे. विम्याचा एजंट ओसरीवर बसून अर्ज भरतो आहे. तो म्हणतो, “गुरुजी, बीपीच्या रकान्यात ‘नाही’ लिहितो. उगीच हप्ता वाढतो, तपासणी मागतात.” पोरगा तिकडून फोनवर सांगतो, “अप्पा, या वयात बीपी कुणाला नसतं? लिहू नका.” आणि गुरुजींच्या मंडळी चहा आणता आणता म्हणतात, “अहो, मग रोज सकाळी गोळी कशाची घेता?”

श्रोतेहो, त्या ओसरीवर सगळ्यात शहाणे बोलणे त्या माउलीचे आहे. एजंट काही दुष्ट नसतो, त्याला अर्ज लवकर संपवायचा असतो. पोरगाही बापाचे वाईट चिंतीत नाही, त्याला चार पैसे वाचवायचे असतात. पण त्या एका ‘नाही’ने सगळा कागद पोकळ होऊन बसतो.

असे का, ते सांगतो. आपण बाजारात बैल घेतो तेव्हा दात पाहतो, चालवून पाहतो, खांदा पाहतो. घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत, असा तो व्यवहार असतो. विम्याचा व्यवहार तसा नाही. इथे माणसाच्या शरीरात काय आहे ते त्या माणसालाच माहीत असते, कंपनीला दिसत नाही. म्हणून कायदा म्हणतो की, हा करार परम विश्वासाचा आहे. महत्त्वाची गोष्ट विचारली असता लपवायची नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे २००९ मध्ये एक प्रकरण आले होते. विमा काढणाऱ्याला मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुना विकार होता. अर्जात त्याने ते सांगितले नव्हते. पुढे त्याच दुखण्यात तो वारला. त्याच्या घरच्या माणसांनी दावा केला, कंपनीने नाकारला, आणि न्यायालयाने कंपनीचे म्हणणे उचलून धरले. ज्या गोष्टीवरून कंपनी विमा द्यायचा की नाही किंवा हप्ता किती घ्यायचा हे ठरवते, ती गोष्ट दडवली तर करारच डळमळतो, असा त्या निकालाचा भावार्थ.

आता दुसरे प्रकरण ऐका. तेही २००९ सालीच सुरू झाले, आणि आपल्या आजच्या विषयाचे अगदी नेमके आहे. एक गृहस्थ नात्यातल्या लग्नाला अमेरिकेला निघाले. निघण्यापूर्वी त्यांनी परदेश प्रवासाचा मेडिक्लेम काढला. कंपनीच्या नियमाप्रमाणे त्यांची वैद्यकीय तपासणी झाली, आणि त्यांना मधुमेह आहे अशी नोंद त्या कागदपत्रांत झाली. कंपनीने ते पाहून पॉलिसी दिली. हे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरले आणि तिथेच त्यांना घाम फुटला, अस्वस्थ वाटू लागले. रुग्णालयात नेले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत तीन स्टेंट घालावे लागले. भारतात आल्यावर त्यांनी दावा केला. कंपनी म्हणाली, तुम्हाला मधुमेह होता, रक्तात चरबी वाढण्याचा विकार होता. हे जुने दुखणे, पैसे मिळणार नाहीत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे ते हरले. पण सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२१ ला त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायालय म्हणाले त्याचा आशय असा: माणूस परदेशी जाताना असा विमा काढतो तो अचानक येणाऱ्या, ध्यानीमनी नसलेल्या दुखण्यासाठीच. अर्जदाराने आपली प्रकृती सांगितली आहे, कंपनीने ती पारखून पॉलिसी दिली आहे. मग त्याच सांगितलेल्या दुखण्याकडे बोट दाखवून कंपनीला मागाहून हात झटकता येणार नाहीत.

दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकात दडवलेले दुखणे घरच्यांच्या आड आले. दुसऱ्यात कागदावर नोंदलेले दुखणे त्या माणसाची ढाल झाले. हे खरे की, त्याला बारा वर्षे लढावे लागले, आणि हे काही भूषण नव्हे. पण लढायला त्याच्या हातात काहीतरी होते. त्या तपासणीच्या कागदावर मधुमेहाची नोंद नसती, तर तो कशाच्या बळावर उभा राहिला असता? ‘नाही’ लिहून चार पैसे वाचतात. ‘आहे’ लिहून जमीन वाचते.

यावर कोणी विचारील, “खरे लिहिले आणि कंपनीने जुने दुखणे वगळूनच पॉलिसी दिली, तर?” रास्त प्रश्न आहे. पुष्कळ पॉलिसींत पूर्वीचे आजार वगळलेले असतात. काहींत मात्र अशी तरतूद असते की, जुन्या दुखण्यामुळे जिवावर बेतण्यासारखा प्रसंग ओढवला, तर ठरावीक रकमेपर्यंत खर्च मिळेल. कोणत्या कंपनीने काय लिहिले आहे, हे अर्ज देण्यापूर्वी स्पष्ट विचारायचे आणि कागदावर दाखवायला सांगायचे. “होऊन जाईल हो” हे तोंडचे उत्तर घ्यायचे नाही. थोडा जास्त हप्ता देऊन ही तरतूद मिळत असेल, तर वयस्कर माणसाने ती जरूर घ्यावी. आणि नाहीच मिळाली, तरी निदान आपल्याला ठाऊक असते की, कोणत्या बाजूने आपण उघडे आहोत. मग माणूस जाण्याआधी डॉक्टरांना भेटतो, तपासण्या करून घेतो, सगळ्या मुक्कामाला पुरतील एवढ्या गोळ्या चिठ्ठीसकट बरोबर नेतो, आणि त्या गोळ्या पिशवीत न ठेवता हातातल्या सामानात ठेवतो.

पॉलिसी निवडताना आणखी काय पाहावे? पहिली गोष्ट रक्कम. युरोपातल्या शेंगेन गटाच्या २९ देशांचा व्हिसा हवा असेल, तर निदान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो, आणि तो त्या सर्व देशांत आणि सगळ्या मुक्कामाला लागू असावा लागतो. कॅनडात आईवडिलांना दीर्घकाळ राहू देणारा ‘सुपर व्हिसा’ आहे; त्यासाठी निदान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आणि निदान एक वर्षाचा विमा लागतो. अमेरिकेच्या पाहुण्याच्या व्हिसाला मात्र विम्याची सक्तीच नाही. आणि गंमत पाहा, जिथे उपचार सर्वांत महाग तिथेच सक्ती नाही. सक्ती नाही म्हणून पुष्कळ लोक तसेच जातात. तीन दिवसांचे तीस हजार डॉलर, हा आकडा मनाशी धरला म्हणजे अमेरिकेला जाणाऱ्याने पन्नास हजारांखाली का उतरू नये आणि जमल्यास लाखाच्या वर का जावे, हे सहज कळते.

दुसरी गोष्ट पोटमर्यादा. पॉलिसीवर मोठ्या अक्षरात १ लाख डॉलर लिहिलेले असते, आणि आत बारीक अक्षरात खोलीला दिवसाचे इतके, शस्त्रक्रियेला इतके, असे कुंपण घातलेले असते. वय साठ-पासष्टच्या पुढे गेले की, ही कुंपणे अधिक आवळली जातात. वरचा आकडा मोठा आणि आतली कुंपणे आखूड, अशा पॉलिसीपेक्षा वरचा आकडा थोडा लहान पण आत मोकळीक, अशी पॉलिसी पुष्कळदा बरी. तिसरी गोष्ट वजावट. पहिले शंभर किंवा अधिक डॉलर आपण सोसायचे आणि पुढचे कंपनीने द्यायचे, असे त्यात असते. ही रक्कम सोसवेल एवढीच घ्यावी. चौथी गोष्ट प्रदेश. ‘अमेरिका आणि कॅनडा वगळून सारे जग’ अशी एक स्वस्त पॉलिसी मिळते. ती घेऊन अमेरिकेला गेलात, तर ती छत्री घरी ठेवून पावसात जाण्यासारखे झाले.

काय मिळत नाही, तेही ठाऊक असावे. ठरवून केलेले उपचार, नेहमीची तपासणी, उपचारासाठीच केलेला प्रवास, दारूच्या अमलात झालेली इजा या गोष्टी सर्वसाधारणपणे वगळलेल्या असतात. युद्धही बहुधा वगळलेले असते. युक्रेनमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये लढाई पेटली तेव्हा आपल्या मराठवाड्याचीही मुले तिथे डॉक्टरकी शिकत होती. त्यांना ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेत सरकारने परत आणले. असे काम विम्याचे नसते. शिवाय शिकायला जाणाऱ्या मुलांचा विमा निराळा असतो. पाहुण्याचा थोड्या दिवसांचा विमा त्यांना पुरत नाही, हेही पालकांनी लक्षात ठेवावे.

परदेश म्हटला की, आपल्या डोळ्यांपुढे विमान येते. पण नेपाळ हाही परदेशच आहे. पशुपतिनाथाच्या, मुक्तिनाथाच्या यात्रेला आपल्याकडून माणसे बसने जातात. पासपोर्ट लागत नाही, म्हणून परदेशी चाललो असे वाटतच नाही. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव परिसरातील यात्रेकरूंची बस २३ ऑगस्ट २०२४ ला नेपाळात मर्स्यांगदी नदीत कोसळली. पंचविसाहून अधिक माणसे गेली. जखमींना काठमांडूला हलवावे लागले आणि मृतदेह हवाई दलाच्या विमानाने महाराष्ट्रात आणावे लागले. एवढा मोठा प्रसंग होता म्हणून सरकार धावून गेले. एकट्यादुकट्या यात्रेकरूच्या बाबतीत तो सगळा भार घरच्यांवर येतो. परदेश प्रवासाच्या बहुतेक पॉलिसींत जखमीला हलवण्याचा आणि दुर्दैवाने मृत्यू आला तर देह मायदेशी आणण्याचा खर्च धरलेला असतो. असे बोलणे अशुभ वाटते, हे मला कळते. पण ज्यांच्या घरी हा प्रसंग आला त्यांना विचारा. शेवटचे दर्शन घडणे न घडणे कित्येकदा या एका कलमावर राहते. यात्रा कंपनीने विमा काढला आहे का, कशाकशाचा काढला आहे, हे गावातल्या जाणत्या माणसाने आधी विचारून घ्यावे.

आता तिसरा पाय, कळवण्याचा. पॉलिसीवर चोवीस तास चालणाऱ्या मदत केंद्राचा दूरध्वनी क्रमांक असतो. तो आणि पॉलिसीचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून एक प्रत पासपोर्टमध्ये, एक लेकाजवळ आणि एक गावाकडे ठेवावी. दुखणे तातडीचे असेल तर आधी रुग्णालयात जावे. तिथे पोचल्याबरोबर घरच्या दुसऱ्या माणसाने मदत केंद्राला कळवावे. दुखणे तातडीचे नसेल तर आधी केंद्राला विचारावे, म्हणजे कोणत्या रुग्णालयात जायचे ते सांगतात, आणि पुष्कळदा पैसे परस्पर चुकते होतात. पावत्या, डॉक्टरांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या यांतला एकही कागद टाकू नये. डॉक्टर जेव्हा विचारतील, “हे दुखणे केव्हापासून?” तेव्हा उत्तर नीट समजून द्यावे. भाषेच्या अडचणीमुळे ‘दोन दिवसांपासून’चे ‘दोन वर्षांपासून’ झाले आणि ते कागदावर चढले, तर पुढे ते निस्तरणे कठीण. जवळ लेकसून असेल तर त्यांनी दुभाष्याचे काम करावे.

एवढे करूनही कंपनीने अन्याय केला तर? रडत बसायचे कारण नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. एक महिना वाट पाहा. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपाल नावाचा अधिकारी आहे. लातूर, नांदेडकडच्या तक्रारी पुण्याच्या कार्यालयाकडे जातात. कंपनीच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही. त्याखेरीज जिल्हा ग्राहक आयोगाचे दार आहेच. पण ही सगळी दारे ज्याच्या हातात खरा भरलेला अर्ज आहे त्याच्यासाठी अधिक सहज उघडतात, हे विसरू नका.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. गावात कोणाला पत्र आले, नोटीस आली, तर ती वाचून दाखवायला माणसे अजून तुमच्याकडेच येतात. विम्याचा अर्ज बहुधा इंग्रजीत असतो. त्याच्या शेवटी एक ओळ असते की, अर्जातला मजकूर मला समजावून सांगण्यात आला आहे आणि तो मला समजला आहे. त्या ओळीखाली आपला शेतकरी भाऊ मुकाट्याने सही करतो, आणि समजावून मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. ती ओळ खरी करणे तुमच्या हातात आहे. अर्धा तास बसा. प्रत्येक प्रश्न मराठीत वाचून दाखवा. कोणती गोळी घेता, कोणते ऑपरेशन झाले, केव्हा झाले, ते विचारा, आणि सांगतील तसे लिहा. आरोग्यविम्याच्या पॉलिसीबरोबर सोप्या शब्दांतले माहितीपत्रक देण्याचा नवा नमुना १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला आहे, आणि ते आपल्या भाषेत मागता येते. ते मागून घ्या. भरलेल्या अर्जाची एक प्रतही घेऊन ठेवा. पॉलिसी येते पण अर्जाची प्रत पुष्कळांजवळ नसते, आणि वाद उभा राहतो तो अर्जावरूनच.

ज्यांनी शाळेत मुलांना ‘खरे बोलावे’ हा पाठ शिकवला, त्यांनी अर्जाच्या रकान्यातही तोच पाठ चालवावा. आईबाप लेकाकडे जातात ते नातवंडाला मांडीवर घ्यायला, चार महिने सुखाचे काढायला. ते सुख कर्जाच्या ओझ्याखाली दबू नये, एवढ्यासाठी निघण्यापूर्वी अर्धा तास त्या कागदाला द्यावा. पेटी भरायला आठ दिवस लागतात. त्यातला हा अर्धा तास काही फार नाही.